कसली चक्कर, ते सांगा

‘डाक्टर, चक्कर येती,’ असं कोणी म्हटलं की आमचे कंपाउंडर दुखावत. औषध ढवळणारा हात थांबे, चष्मा कपाळावर जाई आणि आतल्या खोलीतून आवाज येई, ‘कसली?’

खेड्यातल्या माणसाला हा प्रश्न कधी कोणी केलेला नसे. तो गोंधळून म्हणे, ‘कसली म्हंजी? येती आन् जाती.’ मग कंपाउंडर धोतराला हात पुशीत बाहेर येत, त्याच्यासमोर बाकावर बसत आणि उलटतपासणी सुरू करीत. ‘घर फिरतंय का तुमी फिरताय? डोळ्याम्होरं अंधार येतो का? उठल्यावर येती का निजल्यावर? धा आकडे मोजंस्तवर ऱ्हाती का भाकरी भाजंस्तवर?’ एवढं होईपर्यंत निम्म्या लोकांची चक्कर आपोआप जाई. उरलेल्यांना उभं करून, पाय जुळवून, डोळे मिटायला लावून हात पुढे धरायला सांगत. सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर असे चार-पाच जण हात पुढे करून डुलत उभे असले की गावचा येसकर रस्त्यावरूनच हात जोडून जायचा. त्याला वाटे, यांच्या अंगात आलंय.

ही गोष्ट भोरच्या संस्थानी अमलातली. वेल्हे खोऱ्यातल्या, गडाच्या पायथ्याच्या एका गावात दोन खोल्यांचा एक दवाखाना होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे माझी जी फजिती झाली ती अजून काही लोकांच्या लक्षात आहे. मी पुण्याहून डॉक्टरकीची परीक्षा देऊन नुकता आलो होतो, वय पंचवीस होतं आणि मला सगळं येत होतं. कंपाउंडर पंचेचाळिशीचे, आंबवड्याकडचे. शिक्षण मराठी सातवी. अंगात आखूड काळा कोट, डोक्याला टोपी आणि पायात काही नाही. वहाणा का घालत नाही म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘सायेब, पायाला जमीन कळाया पायजे. माणसाचा तोल खालनं वर जातो.’ मी हसलो. हे खरं आहे, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी एका जाड पुस्तकात वाचायला मिळालं.

त्यांची सारी विद्या एका फाटक्या इंग्रजी वैद्यकीय शब्दकोशातून आली होती. माझ्या आधीच्या कोणा डॉक्टरनं तो कपाटात टाकून दिला होता. वाळवीनं तो ‘एम’पर्यंत खाल्ला होता. त्यामुळे कंपाउंडरना मलेरियाच्या पुढचे रोग चांगले ठाऊक आणि अलीकडच्यांबद्दल ते काही बोलत नसत. एकेका शब्दाचा अर्थ त्यांनी मास्तरांकडून, पोस्टातल्या कारकुनाकडून, एकदा तर गड बघायला आलेल्या गोऱ्या साहेबाला वाटेत अडवून लावून घेतला होता. व्हर्टिगो ‘व्ही’वर असल्यामुळे वाचला होता. सिंकोपी, म्हणजे अंधारी येऊन माणूस पडतो ती, वाचली होती. डोळे आपोआप नाचतात त्याला निस्टॅग्मस म्हणतात, ते पानही शाबूत होतं. आणि सर्वांत मोठं भाग्य म्हणजे कानाच्या आत अर्धवर्तुळाकार तीन नळ्या असतात आणि त्यांतल्या पाण्यावर माणसाचा तोल चालतो, हा मजकूर ‘एस’वर चित्रासकट होता.

या तीन नळ्यांनी त्यांना वेड लावलं होतं. त्यांनी कळकाच्या कामट्यांची तीन कडी करून एकमेकांत बसवली होती आणि ती औषधांच्या फळीवर टांगली होती. कोणी विचारलं की हातातलं काम टाकून सांगत, ‘गवंड्याची पानसळ बगितलीय न्हवं? भिताड सरळ हाय का ते पान्यावरनं बगतो? तशा तीन पानसळी देवानं हरेकाच्या कानात बसवल्यात. एक आडवी, दोन उभ्या. त्यांतलं पानी खोटं बोलाया लागलं की माणूस पडतो.’ लोकांना हे फार आवडे. कानात बोट घालून पाणी हलतंय का ते बघत. पाटलांच्या म्हाताऱ्या आई तर बरेच दिवस डावीकडे वाकायला तयार नव्हत्या. कानातलं सांडलं तर काय घ्या!

पण त्यांचं खरं म्हणणं असं की सगळ्या चक्करांचा दोष कानावर टाकता येत नाही. जग फिरतं ती निराळी. दिवा मालवावा तसा अंधार येतो ती निराळी. डोकं शाबूत असतं आणि पायच फितूर होतात ती आणखी निराळी. आणि नुसतं डोकं पोकळ वाटतं, तिला त्यांनी नावच ठेवलं नव्हतं, कारण पुस्तकात तिचं पान सापडलं नव्हतं. हे सगळं त्यांनी स्वतःच्या अंगावर तपासून घेतलेलं. दवाखान्यामागच्या आंब्याला हातानं धरून गरागरा वीस फेऱ्या मारायच्या आणि थांबल्याबरोबर डोंगर कुठल्या बाजूला पळतो ते कोळशानं भिंतीवर लिहायचं. एकादशी निर्जळी करून द्वादशीला अंथरुणातून ताडकन उठायचं. तंबाखूची सवय नसताना चिमूटभर तंबाखू तोंडात धरून बसायचं. गडावरच्या मेंगाईच्या जत्रेत लाकडी पाळणे आले होते, तर हे त्यात सलग अकरा वेळा बसले. पाळणेवाल्याला आधी आनंद झाला, मग संशय आला आणि शेवटी त्यानं हात जोडून यांना उतरवलं, कारण खालच्या पाळण्यातल्या लोकांच्या तक्रारी यायला लागल्या होत्या. ते झिंगत झिंगत माझ्याकडे आले, तोंड पुसलं आणि अभिमानानं म्हणाले, ‘सायेब, वकारी डोक्यातनं येती, पोटातनं न्हाई.’

रोगाचं नाव सांगताना ते फार गंभीर होत. समोरच्याला नीट बसवून, आवाज खाली आणून म्हणत, ‘तुमाला व्हर्टिगो हाय.’ माणूस पागोटं सावरून बसे. घरी जाऊन सांगे. एकदा एक शेतकरी तणतणत आला. त्याच्या शेजाऱ्याला व्हर्टिगो दिला आणि आपल्याला नुसती अंधारी, हा कुठला न्याय, असं त्याचं म्हणणं. कंपाउंडरनी त्याला शांतपणे समजावलं, ‘तुमचीबी इंग्रजीच हाय. सिंकोपी म्हनत्यात तिला. पर तुमी उपास कमी करा, मंग ती जाईल.’ सिंकोपी मिळाल्यावर तो खूष होऊन गेला. उपास त्यानं सोडले की नाही, माहीत नाही.

मला या सगळ्याचा राग येई. माझ्यासमोर रांग ताटकळत असे आणि हे एका धनगर म्हातारीशी ‘घर फिरतं का तू फिरतीस’ यावर अर्धा तास घालवीत. दवाखान्याच्या रजिस्टरात मी सगळ्यांपुढे एकच शब्द लिहीत असे, चक्कर, आणि औषधही एकच देत असे. कंपाउंडर ते भरून देत, पण बाटली गिऱ्हाइकाच्या हातात देताना माझ्याकडे असं बघत, जणू मी तिच्यात पाणीच भरायला लावलंय. खरं सांगायचं तर फारसं निराळं काही भरलेलं नसेच.

आता म्हादबाचं सांगतो.

म्हादबा गडकरी. म्हणजे गडावरच्या देवीची दिवाबत्ती आणि संस्थानच्या कोठीची राखण ही त्याच्या घराण्याची पिढीजात चाकरी. रोज सकाळी गड चढायचा, दुपार टळली की उतरायचा. चाळिशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. भातं कापणीला आली होती, कंपाउंडर आठवड्याच्या रजेवर गावी गेले होते आणि मी एकटाच होतो, तेव्हा एका सकाळी चार माणसं त्याला घोंगडीत घालून घेऊन आली. गडाच्या बिनी दरवाजाखालच्या कातळातल्या पायऱ्यांवर तो कोसळला होता. खाली गेला नाही एवढंच. बरोबर निम्मं गाव होतं आणि एका वयस्क गृहस्थानं म्हादबाच्या नाकाला एक जुनं, अवजड, शेणानं माखलेलं पायताण घट्ट दाबून धरलं होतं. आमच्याकडे मिरगीवर हा उपाय. मिरगी आली की पायताण हुंगवायचं.

त्याची बायको पारूबाई रडत सांगत होती, ‘दारात घोंगडी टेकवली तवा डोळं नाचत व्हतं हो त्यांचं, आसं आडवं आडवं, थांबंचनात.’ मी विचारलं, ‘शुद्ध गेली होती का?’ दहा जण एकदम म्हणाले, ‘व्हय, व्हय.’ त्यांतला एकही गडावर नव्हता. म्हादबानं हात वर करून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण तोंडावर पायताण होतं. कोसळला, शुद्ध गेली, डोळे फिरले. मी क्षणभरही थांबलो नाही. आणि माणूस संस्थानचा चाकर, तेव्हा नियमाप्रमाणे त्याच दिवशी अहवाल करून भोरला पाठवला : मिरगीचा विकार, गडावरील कामास कायमचा अपात्र. माझा हा पहिलाच सरकारी अहवाल. अक्षर काढून लिहिला होता.

मिरगीवाल्याला कड्यावर कोण पाठवील? चाकरी जाणार हे त्याच दिवशी सगळ्यांना कळलं. म्हादबाचा चुलतभाऊ दिवा पुसायला नवं फडकंही घेऊन आला म्हणे. म्हादबा घराच्या पडवीत गडाकडे पाठ करून बसायला लागला. पारूबाई दोनदा दवाखान्यात येऊन गेली. दोन्ही वेळा मी तिला सांगितलं की आता माझ्या हातात काही नाही.

कंपाउंडर परत आले ते कोट काढायच्या आधी रजिस्टर बघायला बसले. त्यांची ती सवयच होती.

‘ही मिरगी कुनी काढली?’

‘मी.’

‘कशावरनं?’

मी लक्षणं सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, ‘पायतान धरलं व्हतं का?’

‘हो, धरलं होतं. त्याचा काय संबंध?’

‘मंग रोग पायतानानं काढला, सायेब. तुमी निस्ती सही केली.’

मी संतापलो. म्हटलं, ‘मिरगी तुम्हाला कळते का? तुमच्या पुस्तकात ते पान तरी आहे का?’

‘न्हाई. वाळवीनं खाल्लंय. त्यामुळं मिरगी कशी असती ते मला सांगता यायचं न्हाई. पर ही ती न्हवं, येवढं सांगता येतं.’ आणि ते तसेच अनवाणी म्हादबाच्या घरी गेले.

तासाभरानं त्याला घेऊन आले. टेबलावर बसवला. ‘म्हादबा, निजल्यावर कुठल्या कुशीला फिरतं?’ ‘डाव्या.’ बघा, दोन शब्दांत झालं, आणि मी हे विचारलंच नव्हतं. कंपाउंडरनी त्याची मान डावीकडे वळवली, खांदे धरून त्याला झपकन मागे निजवला आणि डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबतं धरलं. दोन-तीन श्वास काही नाही. मग म्हादबाचे डोळे नाचायला लागले. बुबुळं थरथरत एका बाजूला सरकायची आणि झटक्यानं परत यायची. त्यानं टेबलाची कड मुठीत आवळली.

‘म्हादबा, काय दिसतंय?’ कंपाउंडर आकडे मोजता मोजता विचारीत होते.

‘तुमी, डाक्टर आन् त्ये कपाट, समदं पळालंय... कपाटाचं दार उगडं हाय, बाटल्या सांडत्याल...’

‘एकोनीस, वीस, एकवीस.’ डोळे थांबले. म्हादबानं मोठा श्वास सोडला. कंपाउंडर माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मिरगीचा माणूस कपाटाची खबर देत न्हाई.’

मग त्यांनी त्याला उठवून पुन्हा तसाच निजवला. पुन्हा. चौथ्या वेळी डोळे जेमतेम हलले. ‘दमला कान,’ ते म्हणाले. ‘रोज असाच दमवला तर खोटं बोलायचं सोडंल, असं मला वाटतंया. वाटतंया म्हनतो, पुस्तकात न्हाई.’

मला कळलं होतं. पण कळणं आणि भोरला ‘माझी चूक झाली’ असं लिहिणं यांत फार अंतर असतं, निदान पंचविसाव्या वर्षी असतं. दोन दिवस मी फार कामात असल्यासारखा वागलो. कंपाउंडरनी एकदाही आठवण करून दिली नाही. तिसऱ्या दिवशी बाटल्या विसळता विसळता, पाठमोरेच, ते बोलायला लागले.

‘मी हितं यायच्या आदी खाली देशावर एका पुलाच्या कामावर व्हतो. औषधं द्यायला. एक गवंडी आला, म्हनला, चक्कर येती. मी इचारलं न्हाई कसली. बाटली भरून दिली, म्हनलं, जा कामावर. दुपारी परांचीवरनं खाली आला, त्यो उटलाच न्हाई. लोकं म्हनली, नशीब त्याचं.’ त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली. ‘पर त्यो बाटली घेतल्यावरबी थोडा येळ उबा व्हता, सायेब. त्याला सांगायचं व्हतं. मी मान वर केली न्हाई.’

मला लाज वाटली, आणि ती त्या दिवशी वाटली तेवढी नंतर कधी वाटली नाही. दुपारच्या टपालानं मी भोरला पत्र पाठवलं.

सरकारी कागद एकदा गेला की तो परत यायला कां कूं करतो. भोरच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनी आम्हा तिघांनाही हजर व्हायला सांगितलं. नसरापूरपर्यंत बैलगाडी, पुढे सर्व्हिस मोटार. मोटारीत एका बाईला उलट्या व्हायला लागल्या तर कंपाउंडर सरसावून तिच्या शेजारी बसले आणि ‘बाहेरचं झाड फिरतंय का गाडीतला माणूस?’ असं विचारायला लागले. तिच्या नवऱ्यानं हात उगारला तेव्हा मी मध्ये पडलो. म्हादबा सबंध वाटभर मान ताठ धरून बसला होता. एवढंच एकदा म्हणाला, ‘कंपौंडरदादा, बा गेला तवा मी सोळा वर्साचा व्हतो. तवाधरनं एक दीस दिवा चुकला न्हाई. आता भाऊ लावंल. लावंल, पर त्याला वात वळता येत न्हाई.’

मोठे डॉक्टरसाहेब वजनदार गृहस्थ. त्यांच्या कचेरीत मुंबईहून आणलेली एक फिरती खुर्ची होती आणि ती भोरात एकच असल्यामुळे ते येणाऱ्याजाणाऱ्यापुढे विनाकारण इकडे तिकडे वळत बसत. त्यांनी माझे दोन्ही कागद समोर ठेवले. ‘आधी मिरगी म्हणता, मग नाही म्हणता. बायको सांगते डोळे फिरत होते. शहाण्या माणसाचे डोळे कशाला नाचतील हो?’

मी घसा साफ करतोय तोवर कंपाउंडर पुढे झाले. ‘सरकार, जरा खुर्ची द्यावी.’

‘कसली खुर्ची?’

‘हीच. दोन मिंटं.’

साहेब इतके चकित झाले की उठले. कंपाउंडरनी माझ्या दंडाला धरून मला तिच्यात बसवलं, माझी मान थोडी पुढे वाकवली, डोळे मिटायला सांगितले आणि मला काही कळायच्या आत फिरवायला सुरुवात केली. दहा फेऱ्या त्यांनी मोठ्यानं मोजल्या. मग खुर्ची गपकन थांबवली. ‘उगडा डोळे!’

डोळे उघडले तर मोठे साहेब, त्यांच्यामागचा संस्थानच्या सरकारांचा फोटो आणि खिडकीतली नारळाची दोन झाडं एकामागून एक डावीकडे धावत होती. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. कंपाउंडर ओरडत होते, ‘बगा सरकार, बगा! डॉक्टरांचं डोळं बगा कसं नाचत्यात!’ साहेब वाकून माझ्या तोंडाशी आले. दारातल्या पट्टेवाल्यानं हा आरडाओरडा ऐकला, आत डोकावून माझे डोळे पाहिले आणि त्याला जे सुचायचं तेच सुचलं. तो धावत बाहेर गेला, उंबऱ्याजवळ सापडलं ते पहिलं पायताण उचललं आणि येऊन माझ्या नाकावर दाबलं.

तो मोठ्या साहेबांचा स्वतःचा बूट होता. वासावरून मी आजही सांगू शकेन.

पहिला हसला तो म्हादबा. इतक्या दिवसांत मी त्याला हसताना पाहिला नव्हता. मग साहेब हसायला लागले, पोट धरून, भिंतीला टेकून. पट्टेवाला बिचारा बूट तसाच दाबून धरून होता, कारण माझे डोळे अजून थांबले नव्हते. थांबल्यावर मी बूट बाजूला केला आणि म्हणालो, ‘साहेब, खुर्ची फिरलेली तुम्हाला ठाऊक नसती तर या पट्टेवाल्याच्या बुटावरून तुम्ही मलाही मिरगी लिहिली असती. मी तेच केलं.’ आयुष्यात मी जी चार-दोन खरी वाक्यं बोललो त्यांतलं हे एक.

पण साहेब हसले म्हणून विरघळले नाहीत. मिरगी नसेल, पण कड्यावर चक्कर आली तर माणूस मरणारच ना, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांनी महिन्याची मुदत दिली. महिनाभर म्हादबानं एकट्यानं गडावर जायचं नाही. महिनाअखेर मी स्वतः वर जाऊन, तिथे तपासून लिहून द्यायचं. चक्कर दिसली तर चाकरी चुलतभावाला. ‘महिनाभर बरोबर कोण जाणार?’ त्यांनी विचारलं. ‘मी,’ कंपाउंडर म्हणाले. इतक्या लगेच, की मला वाटलं त्यांनी प्रश्न नीट ऐकला नसावा.

तो महिना दवाखान्याचे हाल झाले. कंपाउंडर पहाटे म्हादबाकडे जात, त्याला पडवीत दहा वेळा डाव्या कुशीवर पाडत आणि उठवत. बघायला माणसं जमत आणि मोठ्यानं आकडे मोजत. मग आपल्या कमरेला दोर बांधायचा, त्याचं दुसरं टोक म्हादबाच्या कमरेला आणि दोघं गडाकडे. एक पडला तर दुसराही जाणार, हे माझ्या लक्षात यायला आठ दिवस लागले. तोवर ते रोज जाऊन येतही होते. औषधं मी तयार करायला लागलो आणि दोनदा चुकलो. कंपाउंडर उतरून येत ते चेहरा पांढराफटक झालेला, ओठ कोरडे. बाकावर बराच वेळ डोळे मिटून बसत. दुपारी जेवत नसत. मी म्हटलं, वय झालं तुमचं, दुसऱ्या कोणाला पाठवू. तर एकदम खवळले. ‘म्या जानार. दुसऱ्यानं त्याला इचारलं नसतं!’ काय विचारलं नसतं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पहिल्या आठवड्यात म्हादबाला निजताना दोनदा घेरी आली. दुसऱ्यात एकदा. मग नाही. पारूबाई रोज वाटेकडे डोळे लावून बसे आणि दोघं उतरताना दिसले की मगच भाकरी थापायला घेई.

शेवटच्या दिवशी मी गेलो. म्हादबा पुढे, मध्ये कंपाउंडर, दोघांत दोर, मागे मी. झाडी होती तोवर गप्पा चालल्या. झाडी सरली, दोन्ही अंगांना उतार सुटले आणि कंपाउंडर बोलायचे थांबले. बिनी दरवाजाखालच्या कातळात ते म्हादबाच्या टाचेवरून नजर काढीत नव्हते. माझाही दम निघाला होता.

वर म्हादबानं आधी देवीपुढचा दिवा केला. मग तटाजवळच्या सपाट दगडावर मी त्याला निजवला, मान डावीकडे, डोकं खाली. वीस मोजले. तीस मोजले. डोळे स्थिर होते, त्यांत आभाळ दिसत होतं. उठवून पुन्हा निजवला. तीनदा. ‘समदं जागच्या जागी हाय, डाक्टर,’ तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही आले, सांगायला हरकत नाही. मी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं : म्हादबा गडकरी यास चक्कर अथवा मिरगी नाही. कोणाच्याही सोबतीवाचून व दोरावाचून गड चढण्या-उतरण्यास पूर्ण पात्र. सही केली आणि वाचून दाखवलं.

‘चला कंपाउंडर,’ मी म्हणालो, ‘दोर सोडा आता.’

आणि वळून बघितलं. ते तटाला पाठ लावून खाली बसले होते. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही तळवे जमिनीला चिकटलेले, टोपीखालून घामाच्या धारा. मी धावत गेलो, नाडी धरली. ती पळत होती. ‘काय होतंय? कंपाउंडर, काय होतंय तुम्हाला?’

म्हादबानं मला हळूच बाजूला घेतलं.

‘पयल्या दिसापासनं हाय ह्ये. कड्याखाली नजर गेली की समदं अंग लटपटतं त्यांचं. पुलावरनं त्यो गवंडी पडल्याला बगितला न्हवं, तवाधरनं. दोर माझ्यापायी बांधला, डाक्टर, पर वर मीच आनतो त्यास्नी. आन् उतरवतोबी मीच.’

‘मग मला सांगितलं का नाही?’

‘सांगितलं असतं तर तुमी येऊ दिलं नसतं,’ कंपाउंडर डोळे मिटूनच म्हणाले. ‘लिवलं का नीट?’

‘लिहिलं.’

‘दोरावाचून म्हनून?’

‘हो.’

‘मंग सोडा की दोर,’ ते म्हणाले, आणि डोळे न उघडताच बोटांनी गाठ चाचपायला लागले.

म्हादबा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्यांची बोटं त्यानं गाठीवरून बाजूला केली आणि गाठ आणखी आवळली.

‘कागदावर सुटलाय न्हवं, दादा? बास झालं तेवढं. उतरंस्तवर ऱ्हाऊ द्या.’